अनोळखी शहर, ओळखीचा आकडा

कोल्हापूर सोडून मोटार बेंगळुरूच्या दिशेने लागली, की रेडिओवरचा ९८.३ हा आकडा काही काळ आपल्याशी ओळखीच्या सुरात बोलत राहतो. कागल मागे पडते, निपाणी येते आणि गाडी तवंदीच्या घाटात शिरली, की त्या आवाजाला खरखर लागते. गाण्याचा एक चरण ऐकू येतो, दुसरा डोंगर गिळतो. त्यानंतर कित्येक तास त्या आकड्यावर कधी नुसताच वारा, कधी भलतेच काही. मग तुमकुरु ओलांडून नेलमंगलाच्या सुमारास तोच आकडा पुन्हा स्वच्छ बोलू लागतो. तीच घाई, तेच खळाळते हास्य; भाषा मात्र कन्नड. काट्याला हात न लावता आपण सहाशे किलोमीटरांच्या आसपास अंतर कापून परक्या शहराच्या वेशीवर आलो आहोत, ही वार्ता डोळ्यांआधी कानांना मिळते.

खासगी एफएम कंपन्यांनी बहुतेक शहरांत आपापला आकडा एकच ठेवला आहे. कोणाचा ९८.३, कोणाचा ९१.१, कोणाचा ९३.५, कोणाचा ९२.७. बँकेच्या शाखांवर देशभर एकाच रंगाची पाटी असते, त्यातलाच हा प्रकार. पाटी तीच; आत शिरल्यावर खातेदार निराळे, त्यांच्या अडचणी निराळ्या आणि चहाची चवही निराळी. एफएमच्या लहरींचा स्वभावही या शाखापद्धतीला साजेसा आहे. त्या जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करतात; डोंगर आडवा आला की थबकतात आणि मोठ्या केंद्राचा आवाजही सपाट मुलखात पन्नास-साठ किलोमीटरांपलीकडे विरू लागतो. त्यामुळे हा रेडिओ शब्दशः त्या शहराचा असतो. शहर संपले, की तोही संपतो.

मिडियम वेव्हचे तसे नाही. माझ्या मोटारीत तो पट्टा अजून आहे आणि बेळगावपासून पुढे मी ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड लावतो. १९५० साली सुरू झालेले हे आकाशवाणी केंद्र उत्तर कर्नाटकाच्या सपाट काळ्या जमिनीवरून दूरवर सोबत करते. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा गवई ज्या केंद्राचा संगीत सल्लागार होता, त्या केंद्रावर दुपारच्या वेळी एखादा सारंग कानी पडला, तर हावेरी-राणेबेन्नूरचा कंटाळवाणा टप्पा सुसह्य होतो. आणि हे सांगितलेच पाहिजे, की ‘आकाशवाणी’ हे नावच मुळी याच राज्यातून आले. १९३५ साली मैसूर येथे डॉ. गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतःचे छोटे प्रक्षेपण केंद्र काढले आणि त्याला हे नाव दिले. सरकारी ‘ऑल इंडिया रेडिओ’ने ते पुढे कितीतरी वर्षांनी स्वीकारले. आपण ज्याला दिल्लीचा शब्द समजतो तो मैसुरातला निघतो!

माझ्या नोकरीची ३६ वर्षे ९ गावांत गेली. दर बदलीला सामान लावून झाले, की मी तीन गोष्टी प्रथम शोधत असे: दूधवाला, ग्रंथालय आणि त्या गावचा रेडिओ. पहिल्या दोन शोधांत शेजारी मदत करतात, तिसऱ्यात कोणी करीत नाही. तो स्वतःच काटा फिरवून करावा लागतो. त्यातही गाडी चालवताना ऐकलेल्या रेडिओचे मोल वेगळे आहे. घरी रेडिओ लागतो तेव्हा आपण गावात कोठे आहोत, याला महत्त्व नसते. गाडीत मात्र निवेदक एखाद्या चौकाचे नाव घेतो आणि तो चौक काचेतून समोर दिसतो. नाव आणि जागा यांची गाठ तत्क्षणी बसते. नकाशावर वा मोबाइलमधल्या बाईच्या ‘आता डावीकडे वळा’ या आज्ञेवर विसंबून गाडी मुक्कामाला पोहोचते खरी, पण गाव ओळखीचे होत नाही. त्या बाईला प्रत्येक गाव सारखेच.

२००१ साली मी इंदूरला होतो. त्या वर्षी जुलैत बेंगळुरूला देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि ऑक्टोबरात इंदूरलाही एक निघाले. कार्यालयातले निम्मे लोक आठवड्याभरात त्याची भाषा बोलू लागले. राजवाड्याजवळ आज कोणत्या बाजूने शिरू नये, छप्पन दुकानांत गाडी कोठे लावावी, सराफ्यात किती गर्दी आहे, हे सारे मालवी वळणाच्या हिंदीत, जणू शेजारचा मुलगा खिडकीतून ओरडून सांगतो आहे अशा थाटात. आकाशवाणीच्या धीरगंभीर उच्चारांवर पोसलेल्या माझ्या कानांना ते प्रथम उथळ वाटले. उथळ होतेही. पण ऋण वसुलीसाठी शहराच्या कानाकोपऱ्यांत जाणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना गल्ल्यांची नावे त्याने शिकवली, हे मी पाहिले.

या व्यवसायाचा ताळेबंद कसा होता, हे व्यापारी वाचकांना रुचेल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर सरकारने ४० शहरांतील १०८ एफएम वाहिन्या लिलावात काढल्या. बोली तर धडाक्यात लागल्या. पण अटींत एक कलम होते, की परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढेल. चक्रवाढीचे गणित ज्याला येते त्याने कागद घेऊन पाहावे: १५ टक्क्यांनी वाढणारी रक्कम पाच वर्षांत दुप्पट होते आणि दहाव्या वर्षीचे शुल्क पहिल्या वर्षीच्या साडेतीनपट असते. जाहिरातीचे उत्पन्न असे ठरल्या दराने वाढत नाही. पुष्कळांनी बोली लावून पाय मागे घेतला आणि प्रत्यक्षात वीस-बावीस केंद्रेच उभी राहिली. २००५ मध्ये सरकारने पद्धत बदलली. प्रवेश शुल्क एकरकमी आणि मग एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के असे वार्षिक शुल्क. भाड्याऐवजी भागी. त्यानंतरच हा धंदा लहान शहरांपर्यंत पोहोचला. दुकानाच्या भाडेकरारावर सही करताना दरसाल वाढीचे कलम कसे वाचावे, याचा इतका चांगला पाठ मला दुसऱ्या कोणत्या धंद्यात आढळलेला नाही.

दुसरे एक कलम अधिक मनोरंजक आहे. खासगी एफएमला स्वतःच्या राजकीय बातम्या देण्यास मनाई आहे. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुनःप्रक्षेपित करता येते. मात्र २०११ च्या धोरणात सरकारने स्पष्ट केले, की वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी-विजेचा पुरवठा, क्रीडावृत्त यांना बातमी समजले जाणार नाही. म्हणजे काय झाले? दिल्लीत कोण काय म्हणाले, हे सांगण्याची वाट बंद झाल्यामुळे निवेदकाला बोलण्यासाठी गल्लीच तेवढी उरली. कोणत्या भागात नळाला पाणी येणार नाही, कोणत्या पुलाखाली पाणी तुंबले आहे, उद्या कोणता सण आहे. बातमीवरील हे बंधन मला एरवी पटत नाही, लोकशाहीत ते शोभतही नाही. परंतु त्याच्या सावलीत शहराचा हा बारीक तपशील वाढला, हेही खरे. शहरात नव्याने आलेल्या माणसाला नेमका हाच तपशील हवा असतो.

आता बेंगळुरूविषयी. निवृत्तीनंतर वर्षातले पाच-सहा महिने आम्ही उभयता मुलाकडे जे. पी. नगरला असतो. मुलगा आणि सून सकाळी बाहेर पडले, की मी गाडी काढतो. खरे तर जयनगर, लालबाग, चिकपेट या साऱ्या वाटेवर मेट्रो आहे आणि शहाण्या माणसाने तिनेच जावे. पण साऊथ एंड सर्कल, लालबागचा पश्चिम दरवाजा, मिनर्व्हा सर्कल, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेला जे. सी. रोड आणि टाऊन हॉल असा जो रस्ता वरून जातो, तो मेट्रोतून कसा दिसणार? सौभाग्यवती शेजारी बसते आणि रेडिओचा ताबा तिच्याकडे असतो. चालवणाऱ्याने बटणांशी खेळू नये, हा आमच्या गाडीतला नियम. अनोळखी शहरात तर तो मोडूच नये. निघण्यापूर्वी चार-पाच केंद्रे बटणांवर बसवून ठेवावीत आणि मोठ्या चौकात आवाज बंद करावा.

तिने बसवलेल्यांपैकी पहिले १०१.३, आकाशवाणीचे ‘कन्नड कामनबिल्लु’. बिल्लु म्हणजे धनुष्य. कामाचे, म्हणजे मदनाचे धनुष्य ते कामनबिल्लु. आपण इंद्रधनुष्य म्हणतो. एकच वस्तू, आपण ती इंद्राला दिली, त्यांनी मदनाला. दुसरे १०२.९, विविध भारती. ही सर्वांची जुनी सखी, तिच्याविषयी या पानावर पूर्वी लिहून झाले आहे. तिसरे शास्त्रीय संगीताची ‘अमृतवर्षिणी’, आकडा १००.१. तिच्यावर कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानीही ऐकले आहे. सिग्नलला सात मिनिटे अडकलेल्या माणसाला आलापीचे महत्त्व जसे पटते तसे ते सभागृहात पटत नाही. उरलेली बटणे खासगी वाहिन्यांची. या शहरातली खासगी केंद्रे आरंभी हिंदी-इंग्रजी गाण्यांवर भर देत. पुढे बहुतेकांनी कन्नडची कास धरली. बाजार कोणत्या भाषेत बोलतो, हे कळायला त्यांना काही वर्षे लागली.

कन्नड आम्हा दोघांना येत नव्हते. आजही येते असे म्हणवत नाही. पण रेडिओवरचे कन्नड मराठी कानाला जे खेळ दाखवते, त्याची गोडी काही औरच. ‘संचार दट्टणे’ हा शब्द पहिल्याच आठवड्यात कळला, कारण तो दिवसातून वीसदा येतो. संचार म्हणजे वाहतूक आणि दट्टणे म्हणजे गर्दी. आपल्या ‘दाटणे’ची ती सख्खी बहीण वाटते. बलगडे म्हणजे उजवीकडे, एडगडे म्हणजे डावीकडे, मळे म्हणजे पाऊस. आपण मळा म्हटले की हिरवळ डोळ्यांपुढे येते. ते मळे म्हणाले की छत्री घ्यायची. ‘निधान’ या शब्दाने तर मी चकितच झालो. आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा, खजिना. तेथे निधान म्हणजे सावकाश. रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि रेडिओवरच्या सूचनांत ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे हळू चालवा. अवसर म्हणजे आपल्याकडे संधी वा सवड. तिकडे अवसर म्हणजे घाई. तेव्हा आपल्याला जो अवसर हवाहवासा वाटतो, तोच तेथे वाहतूक पोलीस टाळायला सांगतात. अपघात मात्र दोन्हीकडे अपघातच.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचे कान कर्जाच्या जाहिरातीकडे वळणारच. ‘चिन्नद साल’ असे सारखे ऐकू येई. साल म्हणजे वर्ष, हे आपले मराठी. म्हणून हे कुठले सुवर्णवर्ष, असा विचार मनात येई. चिन्न म्हणजे सोने, आणि साल म्हणजे कर्ज! सोनेतारण कर्ज. बड्डी म्हणजे व्याज, बेळ्ळि म्हणजे चांदी, अंगडि म्हणजे दुकान. बेळगावकडे अंगडी आडनाव आढळते, त्याचा अर्थ हा असा जयनगरच्या सिग्नलला उलगडला. आणि ‘उचित’. साड्यांच्या प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी उचित, उचित. दोन घेतल्यास एक उचित. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, इकडचे व्यापारी किती सुसंस्कृत बोलतात, प्रत्येक गोष्ट उचितच आहे म्हणतात.” पंधरा दिवसांनी शेजारच्या बाईंनी सांगितले, उचित म्हणजे फुकट.

हे शब्द नुसत्या गमतीचे नाहीत, हे मला पुतण्याच्या दुकानात कळले. माझ्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा. कोल्हापुरात आमच्या घरचे तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. याने जयनगरात शाखा काढली. जागा चांगली, माल चांगला, हिशोब चोख. तरीही पहिल्या वर्षी भाडे भागवताना दमछाक झाली. त्याने सारा भर धनत्रयोदशीवर ठेवला होता, कारण आमच्याकडे भांड्यांची वर्षाची निम्मी उलाढाल त्या चार दिवसांत होते. इथे तसे घडले नाही. बंधूंचे मत झाले, की दिवाळीपर्यंत वाट पाहून जागा सोडावी आणि मुलाने परत यावे. घरात त्यावर बरेच बोलणे झाले. मुलगा गप्प राहू लागला. त्याची पत्नी तेथे रमली होती, मुलीला शाळेत घातले होते. परत जाण्यात अपमान नव्हता, पण दुःख होते.

गेल्या वर्षी आषाढ संपता संपता गाडीतल्या रेडिओचा सूर बदलला. सराफांच्या, साड्यांच्या, फुलांच्या, पूजासाहित्याच्या, सगळ्या जाहिरातींत एकच शब्द: ‘वरमहालक्ष्मी हब्ब’. हब्ब म्हणजे सण. सणाला तीन आठवडे अवकाश असताना ही झोड सुरू झाली. “अहो, ही वरमहालक्ष्मी कोणती? आपल्याकडे शेजारी मार्गशीर्षातले गुरुवार करतात, ते ठाऊक आहे. श्रावणात हे काय असते?” सौभाग्यवतीने विचारले. मी काय सांगणार? तिनेच चौकशी केली. श्रावणी पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी घरोघर कलश मांडतात, त्याला देवीचा मुखवटा बसवून साडी नेसवतात, आणि संध्याकाळी सुवासिनींना बोलावून हळदकुंकू आणि तांबूल देतात. बरोबर एखादी लहानशी वस्तू. थोडक्यात, आपले संक्रांतीचे वाण. करंडे, तबके, वाट्या, समया, कलश!

आम्ही त्या संध्याकाळी दुकानात गेलो. पुतण्या म्हणाला, “काका, असा सण इकडे आहे एवढे माहीत होते, तो इतका मोठा आहे हे नव्हते माहीत. दुकानात मराठी गाणी लावतो, घरी मराठी वाहिन्या बघतो. मला कोण सांगणार?” ग्राहकांशी तो हिंदीत बोले, नोकरांशी हिंदीत, आणि जाता-येता गाडीत त्याच्या मोबाइलवर स्वतः निवडलेली गाणी. स्वतः निवडलेल्या गाण्यांच्या मध्ये कोणी येऊन ‘पुढच्या शुक्रवारी अमुक आहे’ असे सांगत नाही, हीच त्यातली मेख. आज आपली शेकडो मुले पुण्याहून हैदराबादला, सांगलीहून चेन्नईला जातात आणि दहा-दहा वर्षे त्या शहरात राहूनही त्यांच्या गाडीत सांगलीच वाजत असते. गावाची आठवण हवीच. पण जेथे दुकान मांडले त्या गावाला ग्राहक म्हणून ओळखायचे आणि आवाज म्हणून ओळखायचे नाही, हे व्यापारदृष्ट्याही आतबट्ट्याचे आहे. फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा, असा कायदा कर्नाटकाने २०२४ साली केला, तेव्हा अनेक व्यापाऱ्यांनी रंगारी बोलावून पाट्या बदलल्या. पाटी रंगाऱ्याकडून बदलून घेता येते. कान स्वतःचे स्वतःलाच बदलावे लागतात. महाराष्ट्रात मराठी पाट्यांचा आग्रह धरणाऱ्या आपण लोकांनी तरी याचे वाईट वाटून घेऊ नये.

मुरादाबादहून पितळी माल मागवायला तीन आठवडे जेमतेम होते. पुतण्याने निम्मा तेथून मागवला आणि निम्मा चिकपेटच्या बाजूच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून उचलला. करंडे डझनाच्या हिशोबाने बांधून ठेवले, कारण वाण डझनाने जाते. त्या पंधरवड्याची विक्री नेहमीच्या दोन महिन्यांइतकी झाली. तेवढ्याने दुकान तरले, असे मी म्हणणार नाही. भाड्याचे आणि कर्जाच्या हप्त्यांचे कोष्टक मीच मांडून दिले आहे आणि ते अजून तंग आहे. पण दिवाळीला जागा सोडण्याचा विचार बंधूंनी एक वर्ष पुढे ढकलला. सून हिशोब बघत होती, तिने मान वर करून काही म्हटले नाही. पोरीची शाळा चालू राहिली.

आणखी एका केंद्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ९०.४ वर ‘रेडिओ अ‍ॅक्टिव्ह’ नावाचे सामुदायिक केंद्र आहे. बेंगळुरूचे ते पहिले सामुदायिक केंद्र; २००७ मध्ये जैन विद्यापीठाच्या शैक्षणिक समूहाने सुरू केले. कचरावेचक, अपंग, तृतीयपंथीय अशा ज्यांचे म्हणणे मोठ्या वाहिन्यांवर कोणी विचारत नाही, त्यांना तेथे बोलता येते. अशा केंद्रांची शक्ती बेताची, आवाज दहा-पंधरा किलोमीटरांपलीकडे जात नाही, म्हणून आमच्या वाटेवर ते कधी स्पष्ट लागते, कधी शेजारच्या जोरकस वाहिनीत बुडते. उत्पन्नही बेताचेच. २०२४ मध्ये सरकारने या केंद्रांना तासाला १२ मिनिटे जाहिराती देण्याची मुभा दिली (आधी ती ७ मिनिटांची होती) आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपयांवर नेला. आपल्या वाचकांपैकी ज्यांची दुकाने एखाद्या उपनगरापुरती आहेत, त्यांनी आपल्या भागात असे केंद्र आहे का, हे जरूर पाहावे. साऱ्या शहराला ऐकवण्याचे पैसे मोजण्यापेक्षा आपल्या चार पेठांना ऐकवणे स्वस्त पडते.

वाहनातला हा रेडिओ किती दिवस टिकेल, हा प्रश्न मला मधूनमधून पडतो. नव्या मोटारींत भला मोठा पडदा असतो आणि रेडिओ त्याच्या तिसऱ्या कप्प्यात दडलेला. मिडियम वेव्ह तर शोधूनही सापडेल की नाही, सांगता येत नाही. मोबाइलमध्येही एफएमची सोय असून ती बंद करून ठेवण्याची रीत पडली, तेव्हा २०२३ साली केंद्र सरकारला उत्पादकांना सूचना काढावी लागली, की ही सोय चालू ठेवा, आपत्तीत तिचा उपयोग होतो. इंटरनेट कोलमडले तरी एफएम चालते, हे पुराच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीच्या माणसांना वेगळे सांगायला नको. बेंगळुरूत संध्याकाळी आभाळ फुटते, तेव्हा कोणत्या भुयारी रस्त्यात गाडी घालू नये हे मला अजूनही रेडिओच आधी सांगतो. त्या वेळी सौभाग्यवती ‘मळे, मळे’ असे म्हणत काच वर करते.

यंदा पुतण्याने वीस सेकंदांची एक जाहिरात द्यायचे ठरवले. मजकूर त्याने मराठीत लिहून काढला आणि केंद्राच्या लेखकाकडे नेला. त्यात एक वाक्य होते: ‘सर्व वस्तू उचित दरात मिळतील.’ तो मुलगा मनापासून हसला आणि म्हणाला, “सर, असे वाचले तर लोक टेम्पो घेऊन येतील.” मग न्याय्य किंमत म्हणावे, असे ठरले, त्याला कन्नडमध्ये ‘न्यायबेले’, पण ‘न्यायबेले अंगडि’ म्हणजे इकडे स्वस्त धान्याचे दुकान! तेही गेले. शेवटी दुकानाचे नाव, क्रॉस, मेन आणि ब्लॉक, आणि करंडे डझनाने मिळतील, एवढेच राहिले. सणाआधी तीन आठवडे, सकाळी ९ ते १० च्या दरम्यान, म्हणजे साऊथ एंड सर्कलला गाड्या जागच्या जागी उभ्या असतात त्या वेळी, ती लागणार आहे.